टोरिनोच्या पोटात कुठलं इंजिन?

व्हर्ला स्टॅम्बॉ रागावली की आवाज चढवत नाही, हे पेल्स फेरी गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती रागावली की कामाला लागते. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात ती चोवीस वर्षं मेकॅनिक होती. एकदा एका साहेबाने तिला सर्वांदेखत "बाई, ब्रेकचं तुला काय कळतं" असं सुनावलं. तिने त्याच्या ताब्यातल्या एका बसचे चारही ब्रेक उघडून, पुसून, एकेक सुटा भाग त्याच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवला आणि म्हणाली, "जोडा." साहेब महिन्याभरात दुसऱ्या गावी बदलून गेला. असली बाई शत्रू म्हणून कुणी मुद्दाम मिळवत नाही. डेन्झिल क्राऊसने मिळवली, आणि सात वर्षं त्याला स्वतःलाच त्याचा पत्ता नव्हता.

गोष्ट तिच्या वडिलांच्या गाडीची. ऑर्व्हिल स्टॅम्बॉने १९६९ साली, लग्नाआधी, गडद हिरवी फोर्ड टोरिनो कोरी घेतली होती. आत चारशे अठ्ठावीस घनइंचांचं दांडगं इंजिन. त्या काळात सिग्नलला शेजारी शेव्हरले येऊन उभी राहिली तर ऑर्व्हिल तिच्या ड्रायव्हरकडे बघून आधी टोपी काढायचा आणि मग निघून जायचा. घरात फोर्ड सोडून दुसरी गाडी कधी आली नाही. व्हर्लाच्या मावशीने शेव्हरले घेतली तेव्हा तिला ती गल्लीच्या तोंडाशी लावून चालत यावं लागे. आता हे वेड म्हणायचं तर म्हणा, पण इंडियानात या वेडावर सोयरिकी जुळतात आणि मोडतातही.

म्हातारपणी इंजिन थोडा धूर काढायला लागलं. व्हर्ला म्हणाली, "डॅडी, मी खोलते."

"तू तुझ्या बसगाड्या बघ," ऑर्व्हिल म्हणाला. "हिला डेन्झिल हात लावील."

हे तिला लागलं होतं, ते ती कधी विसरली नाही. पण डेन्झिलचं नावच तसं होतं. जिल्ह्याच्या फोर्ड क्लबाचा तो मुख्य परीक्षक. प्रदर्शनात बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन गाड्यांखाली शिरायचा, एखाद्या पाइपाची पट्टी कारखान्याच्या काळातली नसेल तर गुण कापायचा. गाडीतलं प्रत्येक यंत्र जन्माचं असलं पाहिजे, हा त्याचा धर्म. इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या ओतीव धडावर, मागच्या कडेला कारखान्यातच गाडीचा नंबर ठोकलेला असतो. तो नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला, तर ती गाडी म्हणजे राणी. नाही जुळला, तर नुसती जुनी गाडी. आणि गाडीवाचून तो ब्लॉक म्हणजे तर निव्वळ लोखंड.

गाडी नेल्यावर तीन आठवड्यांनी डेन्झिल तोंड पाडून आला. म्हणाला, "ऑर्व्हिल, कसं सांगू? तू ऑइल बघितलंच नाहीस. कोरडी पळवलीस. बेअरिंगं वितळली, ब्लॉकला उभी चीर गेलीये. भंगारात टाकण्यापलीकडे काही उरलं नाही त्यात. मी तुझ्यासाठी दुसरं चारशे अठ्ठावीस शोधलंय, अपघातातल्या गाडीतलं. तेच बसवतो." ऑर्व्हिलने मान खाली घालून भंगाराच्या कागदावर सही केली.

गाडी परत आली ती पूर्वीसारखी ओढत नव्हती. ऑर्व्हिलने दोनदा चालवली आणि मग तिच्यावर आच्छादन घातलं. "मीच मारलं तिला," तो जेवताना म्हणायचा. ऐंशी वर्षांचा माणूस, ज्याने आयुष्यात कधी ऑइल बघितल्याशिवाय किल्ली फिरवली नाही, तो स्वतःला विसरभोळा, निकामी समजायला लागला. रोज संध्याकाळी गॅरेजात जायचा, आच्छादनावरून हात फिरवायचा आणि परत यायचा. चार वर्षं. पाचव्या वर्षी गेला. दफनाच्या दिवशी डेन्झिलने शवपेटीचा एक कोपरा उचलला होता.

त्यानंतर डेन्झिल वर्षातून दोनदा तरी व्हर्लाला विचारायचा, "विकायची का ग ती टोरिनो? तू काय करणार तिचं? माझ्याकडे निदान सुखात राहील." व्हर्लाला ती माया वाटायची.

मग गेल्या ऑगस्टमध्ये चर्चच्या मासळी जेवणासाठी आणलेली घडीची टेबलं परत करायला ती डेन्झिलकडे गेली. तो घरी नव्हता. त्याची बायको नोरीन स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "मागे गॅरेजात ठेव बाई, भिंतीला लावून." व्हर्लाने टेबलं लावली. कोपऱ्यात स्टँडवर एक इंजिन होतं, घोंगडी पांघरलेलं. मेकॅनिक माणसाला झाकलेलं इंजिन दिसलं की हात राहत नाही. तिने घोंगडी उचलली. निळा रंग दिलेला, आरशासारखा पुसलेला ब्लॉक. चीर कुठे नव्हती. मागच्या कडेवर नंबर होता आणि त्यातले शेवटचे सहा आकडे ती दर वर्षी नोंदणीच्या अर्जावर लिहीत आली होती.

तिने घोंगडी पुन्हा नीट पांघरली, कोपरे सारखे केले आणि नोरीनला हात करून घरी आली.

त्या शनिवारी तिने टोरिनोचं बॉनेट उघडलं, इंजिनाचं एक हेड, म्हणजे वरचं झाकण, काढलं आणि सिलिंडरची रुंदी मोजली. चार इंच पाच शतांश. चारशे अठ्ठावीसला ती चार इंच तेरा शतांश हवी. म्हणजे हे तीनशे नव्वद होतं, शेतावरच्या ट्रकात असतं ते. बाहेरून दोन्ही इंजिनं जुळ्या बहिणींसारखी दिसतात, हेड काढल्याशिवाय कळत नाही. डेन्झिलने तिच्या वडिलांचं इंजिन चोरलं होतं, बदली इंजिनाबद्दल खोटं बोलला होता आणि वर त्या म्हाताऱ्याच्या माथी गाडीच्या खुनाचा आळ घातला होता. व्हर्ला गॅरेजच्या जमिनीवर बसली. तिला रडू आलं नाही. तिला डेन्झिलचे ते दोन हात आठवले, शवपेटीच्या कोपऱ्याखालचे, आणि ते मोडावेसे वाटले.

लॉनी फल्ट्झ तिच्याच गॅरेजातला वेल्डर, शाळेपासूनचा मित्र. त्याला तिने सगळं सांगितलं.

"शेरिफकडे जा," लॉनी म्हणाला.

"जाऊन काय? डॅडींची सही आहे. भंगार म्हणून दिलं. डेन्झिल म्हणेल, मी भंगारातून जोडून काढलं, ही माझी कारागिरी. उलट त्याला शाबासकी मिळेल."

"मग त्याच्या तोंडावर थुंक आणि मोकळी हो."

"थुंकी पुसता येते, लॉनी. त्याला पुसता येणार नाही असं काहीतरी पाहिजे मला."

लॉनीने बिस्कीट चहात बुडवावं तसा डोनट कॉफीत बुडवला. "तो गाडी विकायची वाट बघतोय. ब्लॉक आहे, गाडी मिळाली की राणी तयार. बरोबर? मग तू ते ट्रकचं इंजिन फेक आणि दुसरंच काहीतरी बसव. कायमचं. काय बसवायचं तेवढं ठरव."

तेव्हापासून तीन आठवडे बसगाड्यांच्या गॅरेजात डब्याच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. खरं कारण लॉनी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, पण सल्ला द्यायला कारण लागतं कुठे? एकजण म्हणाला, त्याच सालातलं दुसरं चारशे अठ्ठावीस शोध. व्हर्लाने मान हलवली. ते डेन्झिल एका दुपारात काढून फेकेल. दुसरा म्हणाला, भंगारातल्या ट्रकमधलं शेव्हरलेचं नवं इंजिन घाल. स्वस्त, हलकं, ताकदीचं, आणि आकाराने एवढं आटोपशीर की कुठेही काही न कापता आत जातं. यावर तिसऱ्याने हातातलं सँडविच खाली ठेवलं आणि उठून बाहेर गेला. तो जन्माचा फोर्डवाला होता. चौथ्याने फोर्डचंच नव्या काळचं इंजिन सुचवलं. जोर दुप्पट, पण ते डोक्याकडे फार रुंद. टोरिनोच्या नाकाडात पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा ज्यात बसतात ते पत्र्याचे दोन जाड खांब असतात. ते दोन्ही खांब कापून काढल्याशिवाय ते इंजिन आत उतरत नाही. आणि एकदा कापले की गाडीचा मूळ सांगाडा गेला तो गेलाच.

"शेव्हरलेच घाल," लॉनी म्हणाला. "क्लबभर छी-थू होईल. डेन्झिलला झटका येईल."

व्हर्लाला ते पटतही होतं. पण तिने शहाणपण केलं. ती सरळ डेन्झिलकडेच सल्ला मागायला गेली.

"तुम्हीच सांगा," ती अंगणात उभी राहून म्हणाली. "गाडी पळवायचीये मला. ते इंजिन दमलंय. शेव्हरलेचं घालू, की फोर्डचं नवं, ते रुंदवालं? त्याला खांब कापावे लागतील."

डेन्झिलचा चेहरा असा उतरला की तिला आतून गुदगुल्या झाल्या. "खांब? मूळचे खांब?" तो म्हणाला. "अग, डोकं फिरलंय का तुझं? विक ना मला. आत्ता देतो, म्हणशील ते."

"विकायची नाही. डॅडींची आहे."

"मग..." डेन्झिलने मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना. चाळीस वर्षं हा माणूस शेव्हरलेत बसला नव्हता. मेव्हण्याच्या शेव्हरलेतून नेत होते म्हणून स्वतःच्या भावाच्या लग्नाला तो चार मैल चालत गेला होता. तो आवाज उतरवून म्हणाला, "मग शेव्हरलेचं घाल बाई. चांगलं असतं ते. काही कापावं लागत नाही. उद्या काढायचं म्हटलं तर... सहज निघतं."

व्हर्ला घरी येईपर्यंत हसू दाबत होती आणि घरी आल्यावर तिने दात ओठ खाल्ले. अपमान त्याला चालणार होता, सगळ्या क्लबाने नाक मुरडलेलं चालणार होतं. कापलेलं मात्र चालणार नव्हतं. त्याचं मर्म कुठे आहे ते त्याने स्वतःच्या तोंडाने दाखवलं होतं.

तिने भंगारातून फोर्डचं रुंद इंजिन आणलं.

क्लबाची एक रीत आहे. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी सगळे मिळून कुणा एकाच्या गॅरेजात जमतात, चालू काम बघायला. मोठ्या पातेल्यात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, असते, डोनटचे खोके असतात, आणि ज्याचं गॅरेज त्याने सर्वांसमोर काहीतरी काम करून दाखवायचं. व्हर्लाने क्लबाच्या फळ्यावर लिहून टाकलं: यंदा स्टॅम्बॉंकडे. अकरा वाजता टोरिनोचे खांब कापणार.

आठवडाभर तिला फोन येत होते. असं करू नकोस, पाप लागेल, ऑर्व्हिल काय म्हणेल. डेन्झिल रोज यायचा. एकदा कारखान्याची जुनी पुस्तकं घेऊन आला, एकदा नोरीनने भाजलेला गोड ॲपल-पाय घेऊन. व्हर्लाने तो खाल्ला. छान झाला होता.

ही नुसती धमकी होती असं कुणाला वाटेल, तर तसं नव्हतं. रात्री त्या पत्र्याच्या विचाराने ती अंथरुणात उठून बसायची. वडिलांनी तो पत्रा मेण लावून पुसलेला तिने पाहिला होता. पण न कापता गाडी डेन्झिलच्या हाती गेली, तर तो चोर प्रदर्शनात राणीशेजारी खुर्ची टाकून बसणार होता. त्यापेक्षा गाडी मेलेली बरी, असं तिचं मन घट्ट झालं होतं. त्याने तोंड उघडलं नाही तर ती कापणार होती.

शनिवारी तीसेक माणसं जमली. जुनं इंजिन आदल्या दिवशीच काढलेलं, बॉनेट उतरवलेलं. ते दोन खांब रिकाम्या पोकळीत उभे होते आणि व्हर्लाने त्यांच्यावर पांढऱ्या खडूने रेघा मारल्या होत्या. चिली तशीच राहिली. डेन्झिल सगळ्यांच्या पुढे होता, टोपी हातात चुरगाळत.

अकराला व्हर्लाने चष्मा लावला आणि पत्रा कापायचा ग्राइंडर सुरू केला. चाकाचा आवाज भिंतींवर आपटला. ती डाव्या खांबावर वाकली. चाक पत्र्याला टेकलं, ठिणग्यांचा झोत उडाला, रंग जळल्याचा वास आला.

"थांब!" डेन्झिल ओरडला. "थांब व्हर्ला, थांब! तिचं इंजिन आहे!"

तिने ग्राइंडर बंद केला नाही. "काय?"

"तिचं स्वतःचं इंजिन! माझ्याकडे आहे! कापू नकोस!"

आता तिने बंद केला. चाक फिरत फिरत थांबलं.

"ते तर चिरलंय म्हणाला होतास ना, डेन्झिल?" ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला एकेरीत बोलली.

"चिरलं नव्हतं."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"चिरलं नव्हतं!" त्याच्या कपाळावर घाम आला होता. "फक्त पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. पण ऑर्व्हिल महिन्यातून एकदा चालवायचा ग. अशी गाडी, आणि किराणा आणायला! माझ्याकडे तिची कदर झाली असती. मी म्हटलं, आज ना उद्या..."

"ऑइल कोरडं पडलं होतं का?"

व्हर्लाने अंगठा ग्राइंडरच्या बटणावर ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "ऑइल भरलेलं होतं. ऑर्व्हिलची काही चूक नव्हती."

मागून कुणीतरी शिवी हासडली. क्लबाचा अध्यक्ष, ऑर्व्हिलबरोबर पन्नास वर्षं पत्ते खेळलेला म्हातारा, पुढे आला आणि डेन्झिलच्या शर्टावरचा परीक्षकाचा बिल्ला त्याने स्वतःच्या हाताने काढून घेतला. काढताना शर्ट थोडा फाटला. व्हर्लाला हे सगळं हवं होतं, गेले दोन महिने ती याच्यावरच जगत होती, आणि तरीही तिचं समाधान झालं नाही. ज्या कानांनी हे ऐकायला हवं होतं ते कान जमिनीखाली होते. डेन्झिलने चूक कबूल केली होती ती पत्र्यासाठी, माणसासाठी नव्हे.

तासाभरात लॉनीच्या ट्रकमधून ब्लॉक आला. स्वतः डेन्झिलने तो उतरवायला हात लावला, कारण व्हर्लाने दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. रुंद इंजिन लॉनीने नेलं. डाव्या खांबावर बोटभर चर पडली होती, ती व्हर्लाने बुजवली नाही. नोव्हेंबरात तिने ते चारशे अठ्ठावीस स्वतःच्या हातांनी जोडून बसवलं आणि गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर नेऊन पेडल दाबलं. गाडी अशी सुटली की तिची मान मागे आपटली. ती एकटीच हसली आणि मग गाडी कडेला घेऊन खूप रडली. डॅडींना वाटलं होतं ते म्हातारे झालेत.

इथे क्लबवाल्यांना वाटलं, गोष्ट संपली. चांगली माणसं थंडी पडली की जुन्या गाड्या झाकून ठेवतात. रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते मीठ असला पत्रा दोन हिवाळ्यांत खाऊन टाकतं. डिसेंबर ते मार्च जुनी गाडी बाहेर काढणारा माणूस पेल्स फेरीत जन्मला नव्हता.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी, पहिलं मीठ पडलं त्या दिवशी, व्हर्ला टोरिनो घेऊन कामावर निघाली. बसगाड्यांच्या गॅरेजाचा जवळचा रस्ता पुलावरून जातो. ती डेन्झिलच्या घरावरून गेली. त्याच्या दारासमोर 'थांबा' अशी पाटी आहे, तिथे ती कायद्याने पुरती थांबली आणि मग अशी निघाली की नोरीनच्या कपाटातल्या बश्या वाजल्या. जन्माचं इंजिन, जन्माचे खांब, नंबराला नंबर जुळलेली राणी, खालून वरून खारट चिखलात माखलेली. मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. पहिल्या दिवशी तिलाही चाकांखालचा तो चरचर आवाज सहन होत नव्हता. मग खिडकीत पडद्याआडचा डेन्झिल दिसायला लागला आणि तो आवाज तिला गोड वाटू लागला.

तिसऱ्या आठवड्यात तो बाहेर आला. झोपेचा झगा, पायात सपाता, बर्फात रस्त्याच्या मधोमध. तिने काच खाली केली.

"व्हर्ला, मीठ!" तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "दारांखालचा पत्रा बघ, फोड यायला लागलेत. माझं काय करायचं ते कर. पोलिसांत दे. पण हिला झाक ग. निदान रोज खालून धू तरी."

"चालवायला घेतली होती डॅडींनी. किराणा आणायला."

"सडेल ती! अशी किती दिवस चालवणार आहेस?"

"त्यांनी किती दिवस झाकून ठेवली होती?" व्हर्लाने विचारलं.

डेन्झिल झग्याच्या बाहीने दाराखालचा खारट चिखल पुसायला लागला.

"चार वर्षं," ती म्हणाली आणि क्लच सोडला.